ट्रेलरच्या भिंतीत मुरलेलं पाणी

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, ओहायोत राहतो. जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. पलंगामागच्या कोपऱ्यात प्लायवूड फुगलंय, दाबलं की बोट आत जातं. घरच्या घरी दुरुस्ती जमेल का?

उत्तर : जमेल, पण आधी गळती शोधा. डाग दिसतो तिथूनच पाणी शिरतं असं नाही. छताचे सांधे, व्हेंट, खिडक्या आणि कोपऱ्यावरची धातूची पट्टी तपासा. बहुतेकदा ही पट्टीच दगा देते. ती काढा, जुनं सीलंट खरवडा, नवी ब्यूटाइल टेप लावून स्क्रू आवळा. सिलिकॉन मात्र नको. पुढे त्यावर दुसरं काही धड चिकटत नाही.

मग वीज आणि गॅस बंद करून, मास्क लावून आतलं प्लायवूड उघडा. ओलं इन्सुलेशन फेकाच. आतल्या सांगाड्याच्या लाकडाला टोचा मारत जा आणि टणक लाकूड लागेपर्यंत कुजका भाग कापा. उरलेल्या लाकडाशेजारी नवी लाकडी पट्टी जोडा. पंखा, डिह्युमिडिफायर लावून वाळवा. मीटरवर ओलावा १५ टक्क्यांखाली येईपर्यंत भिंत बंद करू नका. घाई सगळे इथेच करतात, आणि वर्षभरात तोच कोपरा पुन्हा उघडतात.

बाहेरचं फायबरग्लासही फुगलं असेल, तर भिंत लॅमिनेटेड आहे. ते काम कारागिराकडेच द्या.