शेअर कंपनीचे, प्लॉट चुलतभावाचा

प्रश्न : वडगाव रासाईत आम्ही गुळाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. तिचे ३० टक्के शेअर पुण्यातल्या दुसऱ्या कंपनीकडे आहेत आणि त्या कंपनीत माझा वाटा ६० टक्के. माझे नाव कुठे कळवावे लागते का? शिवाय २०१९ मध्ये शिक्रापूरला प्लॉट घेतला. पैसे माझे, खरेदीखत चुलतभावाच्या नावे. तो आता माझ्या नावावर कसा करू?

उत्तर : कंपनीचे काम सरळ आहे. पुण्याच्या कंपनीत निम्म्याहून जास्त वाटा तुमचा, म्हणून गुळाच्या कंपनीतल्या त्या ३० टक्क्यांमागचे लाभार्थी मालक तुम्हीच. मर्यादा १० टक्क्यांची आहे. कंपनी कायद्याच्या कलम ९० नुसार तुम्ही ‘बेन-१’ भरून गुळाच्या कंपनीला द्यायचा. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने ‘बेन-२’ रजिस्ट्रारकडे दाखल करायचा. मुदत टळली असेल तर दंडाची तयारी ठेवून आधी फॉर्म भरा.

प्लॉटचे मात्र अवघड आहे. बेनामी कायद्यात पत्नी आणि मुलांच्या नावे, ज्ञात उत्पन्नातून केलेल्या खरेदीला सूट आहे. सख्खे भाऊ-बहीण चालतात, पण कागदावर तुमचेही नाव हवे. चुलतभाऊ यात कुठेच बसत नाही. ‘घरातलाच आहे’ हे आपल्याकडचे लाडके उत्तर तिथे कामाचे नाही. त्याने आता प्लॉट तुमच्या नावे करून दिला, तरी कलम ६ नुसार ते हस्तांतर रद्दबातल. शिक्षा एक ते सात वर्षे सक्तमजुरी, शिवाय बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. वकिलाला भेटेपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नका.