फवारणीचे पायस का फुटते? आधी पाणी तपासा



निंबोळी तेलात साबण मिसळून फवारणी केली, तरी कीड आटोक्यात आली नाही आणि काही पाने मात्र करपली, असा अनुभव अनेकांना येतो. दोष तेलाला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यात असते.

साबणाचे काम

तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. साबणाच्या कणाला तेलाकडे ओढ असलेली लांब शेपटी आणि पाण्याकडे ओढ असलेले ऋणभारित डोके असते. हे कण तेलाच्या थेंबाभोवती कडे करतात आणि दुधासारखे पायस तयार होते. प्रत्येक डोक्याच्या जोडीला एक धनभारित आयन असतो. त्याला प्रतिआयन म्हणतात. नेहमीच्या साबणात तो सोडियमचा असतो.

जोडीदार बदलला की पायस उलटते

जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळलेले असतात. त्यांचा भार सोडियमच्या दुप्पट असल्याने ते साबणाच्या दोन-दोन डोक्यांना घट्ट धरतात व सोडियमला बाजूला सारतात. डोकी जवळ येतात, शेपट्या बाहेर पसरतात. असा साबण पाण्यात विरघळत नाही; तो तेलाकडे जातो. मग पाण्यात तेलाचे थेंब राहण्याऐवजी तेलात पाण्याचे थेंब राहू पाहतात. सोडियमच्या साबणाचे पायस कॅल्शियममुळे असे उलटते, हे क्लोज या शास्त्रज्ञाने १९१६ साली दाखवले होते.

पंपात याचा परिणाम म्हणजे पांढरा साका, वर तरंगणारे तेल आणि चोंदलेले नोझल. काही झाडांवर नुसते पाणी पडते, तर काहींवर घट्ट तेल पडून पाने करपतात.

बाटलीतील औषधाचे काय?

कॅल्शियम नेहमीच वाईट नसते. अनेक इसी कीटकनाशकांत कॅल्शियम डोडेसिल बेंझीन सल्फोनेट हा पायसकारक असतो. जोडीला कॅल्शियम असल्यामुळेच तो बाटलीतील तेलकट द्रावकात विरघळून राहतो. सोबत विद्युतभार नसलेला दुसरा पायसकारक घातलेला असतो. त्याला प्रतिआयनच नसल्याने जड पाण्याचा त्रास कमी होतो. अशा औषधांची चाचणी लिटरला ३४२ मिलिग्रॅम कठीणपणा असलेल्या पाण्यात घेतात. तुमचे पाणी याहून जड असेल, तर पायस टिकेलच असे गृहीत धरू नका.

घरच्या घरी चाचणी

१. पारदर्शक बाटलीत फवारणीचेच एक लिटर पाणी घ्या.
२. शिफारशीच्या प्रमाणात साबण व तेल, किंवा औषध घालून चांगले हलवा.
३. अर्धा तास स्थिर ठेवा. शेजारी पावसाच्या पाण्याची तशीच बाटली ठेवा.
४. विहिरीच्या पाण्याच्या बाटलीत साका, तेलाचा थर किंवा गुठळ्या दिसल्यास ते पाणी वापरू नका.

काय करावे?

• शक्य तेथे साठवलेले पावसाचे किंवा कालव्याचे गाळलेले पाणी वापरा.
• निंबोळी तेलासाठी साबणाऐवजी विद्युतभार नसलेला पायसकारक घ्या. किंवा पायसकारक मिसळलेले तयार निंबोळी तेल वापरा.
• आधी थोड्या पाण्यात पायस करा, मग ढवळत उरलेले पाणी घाला. तयार मिश्रण लगेच फवारा.
• साबणयुक्त मिश्रणात कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट किंवा झिंक सल्फेट मिसळू नका. त्यांतूनही दुहेरी भाराचे आयन येतात.
• पाणी मऊ करण्यासाठी कीटकनाशकाच्या मिश्रणात धुण्याचा सोडा टाकू नका. अल्कधर्मी पाण्यात अनेक कीटकनाशके लवकर निकामी होतात.

अनेक ठिकाणी उन्हाळ्यात विहिरीची पातळी खालावते आणि पाणी अधिक जड होते. म्हणून हिवाळ्यात जमलेले मिश्रण एप्रिलमध्ये जमेलच असे नाही. प्रत्येक हंगामात एकदा बाटली भरून पाहा. अर्ध्या तासाच्या या तपासणीने औषधाचा खर्च आणि पिकाची पाने, दोन्ही वाचतील.