उन्हाळ्यातील रान आणि आपली नोंदवही

परिसराचा अभ्यास हे विज्ञानशाखेचे काम. कलाशाखेच्या विद्यार्थ्याचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न मलाही पडत असे. वस्तुतः सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून विद्यापीठ अनुदान आयोगाने पर्यावरण हा विषय सर्व शाखांच्या पदवी वर्गांना आवश्यक केला, तेव्हा क्षेत्रकार्यासाठी पाच तासही नेमून दिले. परंतु पाच तासांत रान कळत नाही. म्हणून गेल्या मे महिन्याच्या आरंभी आम्ही काही विद्यार्थी प्राध्यापकांसमवेत डहाणू व तलासरी तालुक्यांत दहा दिवस प्रशिक्षणासाठी राहिलो. तेथे शिकलेले थोडेसे येथे मांडतो.

पद्धत सोपी आहे. चार खुंट्या व सुतळी घेऊन दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशी चौकट आखायची. जागा मात्र आवडीने निवडायची नाही. गर्द झाडी पाहून चौकट आखली, तर रान आहे त्याहून दाट भासते. म्हणून नकाशावर घरे पाडून चिठ्ठ्या टाकायच्या. चौकटीतील प्रत्येक झाडाचे नाव लिहायचे, आणि जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजायचा. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. पुढील वर्षी त्याच महिन्यात, त्याच चौकटीत पुन्हा मोजमाप केले, तरच रान वाढते की घटते हे सांगता येते.

तलासरीकडील एका चौकटीत मी सात झाडे 'वठलेली' म्हणून लिहिली. सागाला पान नव्हते, ऐनाच्या फांद्या तर खोडाजवळून तोडलेल्या. शेजारच्या पाड्यावरचे एक वारली आजोबा आमची गंमत पाहत उभे होते. त्यांनी काही न बोलता एका ऐनाची साल नखाने खरवडून दाखवली. आत ओला हिरवा पापुद्रा होता! मग त्यांनी समजावले : या फांद्या राबासाठी घेतल्या. त्या पालापाचोळा, शेण व मातीसह रोपाच्या वाफ्यावर पसरून जाळायच्या आणि पावसाच्या तोंडावर तेथे भात वा नागली पेरायची. ऐन पुन्हा फुटतो. सागालाही पावसाबरोबर पाने येतात.

त्या दिवशी मी तक्त्यात तीन वेगळे रकाने पाडले : पानगळ झालेले, छाटलेले आणि वठलेले. छाटणीने झाडाची वाढ खुंटते काय, हा प्रश्न उरतोच. पण त्याचे उत्तर छाटलेल्या व न छाटलेल्या ऐनांचे घेर वर्षानुवर्षे मोजूनच मिळेल. माझी पहिली नोंद तशीच राहिली असती, तर सात जिवंत झाडे मेली असती आणि दोष त्या पाड्याच्या माथी आला असता.

हा दोष लहान नाही. डहाणू तालुका २० जून १९९१ रोजी केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. वाढवणच्या बंदराला या प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला, तर २०२३ मध्ये परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्या बंदराची पायाभरणीही झाली. मत कोणतेही असो, असा निर्णय होताना 'येथे पूर्वी काय होते' हे विचारले जाते. ते सांगण्यास आपल्यापाशी खरी नोंद हवी. नोंद नसेल तर आपण मुके, आणि खोटी असेल तर त्याहून वाईट.

याच डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शंख-शिंपले हीच शिक्षणाची साधने मानून आदिवासी मुलांना शिकवले. पदवीच्या वर्गात बसणाऱ्या आम्हांला तोच धडा उशिरा मिळाला. विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुट्टीत आपल्या गावाजवळ एक चौकट आखा, झाडांची नावे गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि 'वठलेले' असे लिहिण्यापूर्वी एकदा साल खरवडून पाहा.