आठवड्याला किती धावावे?



गोंदिया जिल्ह्यात तिरोडा, आमगाव, देवरी, अर्जुनी मोरगाव अशा कोणत्याही गावाबाहेरच्या रस्त्याने पहाटे गेलात, तर धावणारी मुले-मुली दिसतात. त्यांतील बऱ्याच जणांचे लक्ष पोलीस किंवा सैन्य भरतीकडे असते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते व वेळेप्रमाणे गुण मिळतात. त्यामुळे आपला सराव पुरेसा झाला की नाही, हे त्यांना घड्याळच सांगते.

पण ज्याला भरतीला जायचे नाही, ज्याचा दिवस वर्गातल्या बाकावर आणि संध्याकाळ शिकवणीत जाते, त्याने केवळ निरोगी राहण्यासाठी किती धावावे? रोज दहा किलोमीटर? की आठवड्यातून एखादे वेळी धावले तरी चालते? या प्रश्नाचे उत्तर मोजमापाने देता येते. ते कसे, हे आपण पाहू.

धावताना शरीरात काय होते?

स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७० वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक वेळी सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. ७० × ७० = ४९००, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर. धावताना पायांच्या स्नायूंना अधिक ऑक्सिजन लागतो, म्हणून हा पुरवठा कित्येक पटींनी वाढवावा लागतो. हे काम हृदयाला आठवड्यातून अनेकदा करावे लागले की ते बळकट होते आणि एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते. स्नायूंतील तंतुकणिकांची संख्याही वाढते.

समजा, काही महिन्यांच्या सरावाने एका ठोक्यातले रक्त ७० वरून ८० मिलिलिटर झाले. आता स्वस्थ बसताना तेवढेच ४९०० मिलिलिटर रक्त पुरवायला मिनिटाला सुमारे ६१ ठोके पुरतील. मिनिटाला ९ ठोके वाचले, तर दिवसाच्या १४४० मिनिटांत जवळजवळ १३,००० ठोके वाचले! धावणे पंचवीस मिनिटांचे, पण हृदयाची बचत चोवीस तासांची.

तांदळाचा हिशोब

धावल्याने शरीरातील ‘कॅलरी जळतात’, म्हणून तब्येत सुधारते, असे अनेकांना वाटते. आपण हिशोब करून पाहू. सपाट जागेवर १ किलोमीटर धावायला शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा लागते. ५० किलोग्रॅम वजनाचा विद्यार्थी आठवड्यात १० किलोमीटर धावला, तर ५० × १० = ५०० किलोकॅलरी खर्च होतील. आपल्या जिल्ह्यात पिकणाऱ्या तांदळाच्या १ किलोग्रॅमपासून सुमारे ३५०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे आठवडाभराच्या धावण्याचा खर्च सुमारे १४० ग्रॅम कच्च्या तांदळाइतका, एका-दोन जेवणांतल्या भाताएवढाच झाला.

यावरून दोन गोष्टी कळतात. नुसत्या धावण्याने वजन झपाट्याने उतरेल, अशी आशा धरू नये. आणि धावण्याचा जो लाभ होतो, त्याचे मुख्य कारण जळालेल्या कॅलरींत नसून हृदय, रक्तवाहिन्या व स्नायू यांना मिळालेल्या वळणात आहे.

पाहणी काय सांगते?

इंग्लंडमधील जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून असत. वाहक तिकिटे देत जिने चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा बरेच कमी आढळले. हालचालीचा आणि हृदयाचा संबंध आकड्यांनी दाखवणारी ही आरंभीची महत्त्वाची पाहणी होय.

धावण्याविषयीची मोठी पाहणी अमेरिकेतील टेक्सास राज्यात झाली व ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ५५,१३७ प्रौढ व्यक्तींची सरासरी १५ वर्षे नोंद ठेवण्यात आली. न धावणाऱ्यांच्या तुलनेत धावणाऱ्यांमध्ये कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होता. आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. जे आठवड्याला ५१ मिनिटांपेक्षाही कमी धावत होते, त्यांनाही जवळजवळ तेवढाच लाभ झालेला दिसला. २०१९ मध्ये अशा १४ पाहण्या एकत्र करण्यात आल्या. त्यांत २,३२,१४९ व्यक्तींची माहिती होती. तेथेही धावणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका २७ टक्क्यांनी कमी होता. मात्र अधिक धावल्याने तो आणखी कमी होतो, असे दिसले नाही.

येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एक शंका काढलीच पाहिजे. जे मुळातच निरोगी आहेत तेच धावत असतील, तर? अशा पाहणीत ही शंका पूर्णपणे दूर होत नाही. संशोधक वय, धूम्रपान, वजन इत्यादी गोष्टींचा हिशोब करून ती कमी करतात. शिवाय नाडी, रक्तदाब अशा गोष्टींवर सरावाचा परिणाम प्रयोगानेही पडताळता येतो.

आकडे जे सांगतात ते शेतकऱ्याच्या मुलाला सहज समजेल. कोरड्या पडलेल्या बांधीला पहिले पाणी मिळाले की पीक तरारते. दुसऱ्या पाण्याने आणखी थोडा फरक पडतो. बांधी भरल्यावर सोडलेले पाणी धुऱ्यावरून वाहून जाते. शून्यापासून थोडेसे धावण्यापर्यंतची पहिली पायरीच सर्वांत मोलाची आहे.

मग नेमके किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार श्रमाचा व्यायाम करावा. भरभर चालणे हा मध्यम व्यायाम, धावणे हा जोरदार. तेव्हा प्रौढ नवशिक्यासाठी उत्तर असे : आठवड्याला ७५ मिनिटे, म्हणजे दर खेपेस २५ मिनिटे याप्रमाणे तीन दिवस. ताशी ८ किलोमीटर वेगाने हे अंतर १० किलोमीटर होते.

५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी शिफारस वेगळी आहे. त्यांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी आणि त्यांतील निदान तीन दिवस जोरदार व्यायाम हवा. तीन दिवसांचे धावणे या जोरदार भागात बसते. बाकीची मिनिटे कबड्डी, खो-खो, सायकलवरून शाळेला जाणे यांतून भरून निघतात. रोवणीच्या दिवसांत बांधीत राबणाऱ्याचे श्रमही यात धरायचे असतात.

सुरुवात कशी करावी?

पहिल्याच दिवशी २५ मिनिटे धावू नये. पुढील क्रम सोयीचा आहे. धावण्याचे दिवस लागोपाठ न घेता एकाआड एक घ्यावेत आणि आधी ५ मिनिटे चालून अंग मोकळे करावे.

आठवडा १ व २ : १ मिनिट धावणे, २ मिनिटे चालणे, असे ८ वेळा. (आठवड्यात धावणे २४ मिनिटे)
आठवडा ३ व ४ : २ मिनिटे धावणे, २ मिनिटे चालणे, असे ६ वेळा. (३६ मिनिटे)
आठवडा ५ व ६ : ३ मिनिटे धावणे, १ मिनिट चालणे, असे ६ वेळा. (५४ मिनिटे)
आठवडा ७ व ८ : ५ मिनिटे धावणे, १ मिनिट चालणे, असे ४ वेळा. (६० मिनिटे)
आठवडा ९ पासून : सलग २५ मिनिटे. (७५ मिनिटे)

वेग कसा ठरवावा? धावता धावता सोबत्याशी एखादे छोटे वाक्य बोलता आले पाहिजे. तोंडातून शब्दच फुटत नसेल, तर वेग कमी करावा. रस्त्यावर धावायचे असल्यास उजव्या कडेने धावावे, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतात.

घाई का नको?

चालताना एक पाऊल नेहमी जमिनीवर असते. धावताना काही क्षण दोन्ही पाय हवेत असतात आणि मग सगळा भार एका पायावर उतरतो. त्या वेळी जमिनीची प्रतिक्रिया शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट असते. ५० किलोग्रॅमच्या विद्यार्थ्यासाठी ती २.५ × ५० × ९.८ = १२२५ न्यूटन होते. एक पाऊल ८० सेंटिमीटरचे धरले, तर १० किलोमीटरमध्ये १२,५०० वेळा हा भार पडतो.

हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात. हाडे आणि स्नायुबंध यांना त्याहून अधिक काळ लागतो. भरतीची तारीख लागल्यावर एकदम धावू लागणाऱ्यांची नडगी दुखते ती यामुळेच. दम टिकतो, पण हाड तयार झालेले नसते. दुखणे एकाच जागी राहिले आणि चालतानाही जाणवू लागले, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

उष्णतेचा हिशोब

ताशी ८ किलोमीटर वेगाने धावणारा आपला ५० किलोग्रॅमचा विद्यार्थी तासाला ४०० किलोकॅलरी खर्च करतो. त्यांतील निदान तीन चतुर्थांश, म्हणजे ३०० किलोकॅलरी, उष्णतेच्या रूपात बाहेर पडतात. शरीराची विशिष्ट उष्माधारकता सुमारे ०.८३ आहे. ही उष्णता शरीरातच अडकून राहिली, तर तापमान तासाला ३०० ÷ (५० × ०.८३), म्हणजे सुमारे ७ अंशांनी वाढेल! २५ मिनिटांतच ते ३ अंशांनी चढेल.

तसे होत नाही, कारण १ ग्रॅम घामाचे बाष्प होताना सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता निघून जाते. पण घाम वाळला तरच ही उष्णता जाते. नुसता ठिबकून गेला तर नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर गेला की हवाच शरीराला तापवू लागते. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटरच्या धावेत काही तरुण उमेदवारांचा मृत्यू झाला. दिवस उकाड्याचे होते. त्यानंतर धावण्याचे अंतर कमी करण्यात आले. म्हणून उन्हाळ्यात, विशेषतः नवतप्यात, उजाडतानाच धावणे उरकावे. पाणी पिऊन निघावे. चक्कर, मळमळ किंवा छातीत दुखणे जाणवताच थांबावे. तापात धावू नये.

पूर्व विदर्भासाठी आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. आपल्याकडे सिकलसेल आढळतो. या आजारात ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावू नये. जो केवळ वाहक आहे त्याला धावता येते. पण त्याने वेग हळूहळू वाढवावा, पाणी कमी पडू देऊ नये, उन्हात शर्यत लावू नये. क्रीडाशिक्षकांनी मुलांना मैदानावर उतरवण्यापूर्वी ही चौकशी अवश्य करावी. चाळिशीपुढील शिक्षकांनी, विशेषतः रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास, आधी तपासणी करून घ्यावी.

करून पाहा

१. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, मनगटावरील नाडी पूर्ण १ मिनिट मोजा. आठवड्यातून तीन दिवसांची सरासरी काढा. वरील क्रमाप्रमाणे धावताना बारा आठवडे नोंद ठेवा आणि आलेख काढा. उतार कोणत्या आठवड्यापासून दिसतो?

२. वर्गातील जे विद्यार्थी धावत नाहीत, त्यांचीही अशीच नोंद ठेवा. तुलनेसाठी असा गट का लागतो?

३. तुमचे वजन किलोग्रॅममध्ये घेऊन आठवड्याच्या १० किलोमीटरचा खर्च किती ग्रॅम तांदळाएवढा होतो ते काढा.

४. ३०० किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकण्यासाठी किती ग्रॅम घामाचे बाष्प व्हावे लागेल? त्यावरून तासाभराच्या धावण्यानंतर किती पाणी प्यावे, याचा अंदाज करा.