सहीच्या आधी

चि. मनूस,


काल रात्री तुझ्या आईचा, वहिनीचा फोन आला. आधी गुडघ्याचं बोलली, मग आंब्याच्या मोहराचं, आणि बोलता बोलता एकदम रडायलाच लागली. तिच्याकडून कळलं ते असं. तुला सातवा महिना लागलाय. पिणं थांबलेलं नाही. तुझ्या रूमवरच्या मुलीच्या ओळखीची कुणी बाई आहे, तिनं एक नर्सिंग होम गाठून दिलंय. बाळंतपणाचा खर्च बाळ घेणारं जोडपं करणार, वर तुझ्या हातात दोन लाख, आणि जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून नाव लागणार त्या दुसऱ्या बाईचं. तू हो म्हणालीस म्हणे. खरं का गं हे?

फोन केला असता तर मी ओरडले असते आणि तू कट केला असतास, म्हणून लिहितेय. कुरिअरनं पाठवतेय, रूमवर नाही, तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर.

लग्नाआधी दिवस गेले यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. उभी नोकरी सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात काढली मी, मला त्यात नवल राहिलेलं नाही. तो मुलगा कोण, कुठे गेला, हेही विचारत नाही. बाळ द्यायचं ठरवलंस, यातही मला वावगं दिसत नाही. माझा जीव अडकलाय तो त्या दाखल्यात. दुसरीच्या नावावर दाखला झाला की तू त्या दवाखान्यात बाळंत झालीसच नाहीस असा अर्थ होतो. उद्या तुझं मन फिरलं तर कुठल्या कागदावर बोट ठेवशील? ते जोडपं कसं आहे, आधी किती मुलं आहेत, बाळात काही व्यंग निघालं तर ते ठेवून घेतील की कुठेतरी सोडून येतील, हे कोण बघणार? ती मध्यस्थ बाई?

आणि ते दोन लाख. मने, मूल देताना पैसे घेणं १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यातही गुन्हा होता आणि आजही आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्यात मूल विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. त्यात दवाखान्यातलं कुणी असेल तर कमीत कमी तीन आणि सात वर्षांपर्यंत. ती बाई तुला "मदत" म्हणाली असेल. पोलिसांच्या कागदावर त्याला विक्री म्हणतात, आणि त्या कागदावर तुझंही नाव येईल.

सरळ रस्ता आहे आणि तो तितका अवघडही नाही. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. बाळ झाल्यावर तिच्यासमोर जायचं, किंवा आधीच एखाद्या मान्यताप्राप्त दत्तक संस्थेच्या समाजसेविकेला भेटायचं, ती तुला घेऊन जाते. पुण्यात ससूनच्या आवारातलं श्रीवत्स आहे, भारतीय समाज सेवा केंद्र आहे, वर्षानुवर्षं हेच काम करताहेत. समिती आधी तुझ्याशी बोलते, समुपदेशन करते, मग समर्पणपत्रावर सही. लग्न झालेलं नसेल तर आईची एकटीची सही चालते, बापाला शोधत फिरावं लागत नाही. तुझं नाव गुप्त राहतं, पेपरात काही छापून येत नाही. आणि सही केल्यावरही साठ दिवस तुझे असतात. त्या दोन महिन्यांत मन बदललं तर समितीकडे जाऊन बाळ परत मागता येतं. तुझ्या नर्सिंग होमवाल्या बाईनं साठ मिनिटं तरी दिली असती का?

साठ दिवस झाले की बाळ दत्तकासाठी मोकळं होतं. मग 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाच्या सरकारी संस्थेच्या यादीत नाव घालून वाट बघत बसलेल्या जोडप्यांमधून घर ठरतं. घरी जाऊन चौकशी झालेली असते, कागद तपासलेले असतात. तू घर निवडू शकत नाहीस हे खरं, आणि कोणाकडे गेलं तेही कळत नाही. मोठं झाल्यावर मुलानं आपलं मूळ शोधायचं म्हटलं तर तुझी गोपनीयता मोडून कुणी तुझ्या दारात आणून उभं करत नाही. हे तुला बरं वाटेल की वाईट, मला सांगता येत नाही. पण आत्ताच कळलेलं बरं.

पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंनी १८६३मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हाही रीत हीच होती. या, बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. तिथे बाळंत झालेल्या काशीबाईचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत, तो पुढे डॉक्टर झाला. तेव्हा बाईला जेवढी मुभा होती तेवढी तू आज कुणा अनोळखी बाईच्या हाती देऊन बसलीस याचा मला संताप येतो.

आता दारूबद्दल.

वहिनी म्हणत होती, पेपरातली जाहिरात बघून कसलीशी पावडर मागवलीय, पुण्याला आली की तुझ्या वरणात घालणार. मी तिला फोनवरच झापलं. त्या पुड्यांत काय असतं कुणाला माहीत, आणि दारू सोडवायची म्हणून डॉक्टर देतात ती गोळीसुद्धा पोटुशीला देत नाहीत. तेव्हा तिनं काही आणलं तर खाऊ नकोस. ती वाईट नाही गं. तुझ्या बाबांच्या, दादाच्या वेळेपासून तिला प्रत्येक बाटलीला एखादी पुडी सापडते.

तुला माझी एक आज्ञा आहे आणि ती तुला उलटी वाटेल. आज रागानं, लाजेनं, हे पत्र वाचून बाटली मोरीत ओतून एकटी खोलीत बसू नकोस. सकाळी हात थरथरतात, न घेता घाम फुटतो, असं वहिनी सांगत होती. शरीर त्या पायरीला आलं की दारू एकदम तोडल्यावर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि पोटात बाळ असताना झटके म्हणजे दोघांच्या जिवाशी खेळ. दादानं काय केलं होतं आठवतं? आषाढीला माळ घातली, तिथून सुटली म्हणाला. गावात पेढे वाटले. तिसऱ्या रात्री अंगणात पडला, दातखीळ बसली. तू तेव्हा शाळेत होतीस, तुला आम्ही चिपळूणला माझ्याकडे आणून ठेवलं होतं. माळेचा दोष नव्हता. डॉक्टरशिवाय सोडली, हा घोटाळा. नंतर धरली ती शेवटपर्यंत सुटली नाही.

तेव्हा सोडायची, पण दवाखान्यात दाखल होऊन. मानसोपचाराचे डॉक्टर आणि बाळंतपणाचे डॉक्टर दोघे एकाच छताखाली असतील अशा ठिकाणी, म्हणजे मोठ्या सरकारी रुग्णालयात. ते थरथर बसवायला औषध देतात, बी-१ जीवनसत्त्व देतात, बाळाचे ठोके बघत राहतात. तिथून पुढे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ला काढलं, बायकांचा वेगळा विभागही आहे तिथे. अवघडलेल्या बाईची सोय कशी करायची ते त्यांनाच आधी विचारू. एए.च्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या सभा आहेत, तिथे आडनाव विचारत नाहीत. रात्री-अपरात्री घाबरलीस तर १४४४६ हा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. आणि कुणी "अजूनही पाडून देतो" म्हणून गोळ्या पुढे केल्या तर हात लावू नकोस. आता ती वेळ गेलेली आहे.

बाळाला काही झालं असेल का, हा प्रश्न तुला रात्री झोपू देत नसणार. खोटं सांगत नाही. दारूनं पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते, आणि "एवढी चालते" असं माप कुणीही डॉक्टर देत नाही. पण ज्या ज्या बाईनं घेतली त्या त्या बाईचं मूल बिघडलंच असंही मी पाहिलेलं नाही, आणि आज थांबल्याचा फायदा सातव्या महिन्यातही बाळाला होतो. मेंदू अजून वाढतोय ना. संस्थेत गेलीस की मात्र हे लपवू नकोस. किती घेत होतीस, कधीपासून, स्पष्ट सांग. त्यावरून बाळाच्या तपासण्या होतात आणि नेणाऱ्या घराला आधीच माहीत असतं. त्या नर्सिंग होममध्ये हे कुणी विचारणारच नाही बघ. विचारलं तर सौदा फिसकटेल. परत परत मी तिथेच येते, कंटाळलीस तरी वाच.

तू हो का म्हणालीस याचा विचार करत होते. दोन लाखांसाठी नव्हे, तेवढं मी तुला ओळखते. मला वाटतं तुला स्वतःला शिक्षा करायची आहे. पिते, म्हणून मी आई व्हायच्या लायकीची नाही, म्हणून दुसऱ्याला देऊन टाकते आणि मग पुन्हा प्यायला मोकळी. असं असेल तर मने, देऊ नकोस. किंवा दे, पण या कारणानं नको. बाळ झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं. बाळ जवळ असो नसो, छाती भरून येते, चोळी ओली होते. त्या दिवसांत मी कितीतरी मुलींचे हात धरून बसलेय. ज्यांनी शुद्धीवर राहून, विचारून-सवरून निर्णय घेतला होता त्या रडल्या आणि उठल्या. ज्यांच्याकडून कुणीतरी घाईत उरकून घेतलं होतं त्या पुढे बऱ्याचदा वॉर्डाच्या दारात येऊन उभ्या राहायच्या, आणि आमच्याकडे त्यांना सांगायला काही नसायचं. तू त्यात दिसू नयेस, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि तुला तर ते दिवस बाटलीशिवाय काढायचेत.

दुसरी बाजू मला ठाऊक आहे म्हणूनही लिहिते. हे वहिनीलाही नीटसं माहीत नाही. तुझ्या काकांची आणि माझी दत्तकाची फाइल झाली होती. पुण्याला जाऊन आलो, समाजसेविका चिपळूणला घर बघून गेली, मी पाळण्याची जागासुद्धा ठरवली होती, मधल्या खोलीत, खिडकीशी. मग सासूबाईंनी जेवण सोडलं. कुणाचं रक्त, कुठली जात, दारुड्याचं पोर निघालं तर? हे त्या दादाच्या बहिणीला विचारत होत्या! तुझे काका गप्प राहिले, मीही गप्प राहिले. पत्र पाठवून कळवलं की सध्या जमत नाही. ते "सध्या" अजून चालूच आहे. आता साठी उलटल्यावर 'कारा'ही मला तान्हं देणार नाही, आणि देऊही नये, गुडघे माझेही गेलेत. म्हणून "आत्या घेईल" असं वहिनीच्या मनात असेल तर ते काढून टाकायला सांग.

पण त्या यादीत नाव घालून बसलेली बाई कशी बसलेली असते ते मला माहीत आहे. फोन वाजला की आधी ती उठते. तुझं बाळ असल्या घरात गेलं तर त्याचं वाईट होणार नाही असं मला मनापासून वाटतं. आणि ठेवावंसं वाटलं तरी आपण बघू. वहिनी आज रडतेय, पण नातवंड मांडीवर आलं की तीच तेल तापवत बसेल. कुठलंही एक आत्ता ठरवायची गरजच नाही. आधी दारू, मग बाळंतपण, मग सही.

बरंच बोलले तुला. लहानपणी तू ओरडा खाल्लास की कुशीत तोंड खुपसून बसायचीस, आणि तेही जो ओरडला त्याच्याच. म्हणून दादाला तुझ्यावर फार रागावताच यायचं नाही. मलाही येत नाही, हे एव्हाना कळलंच असेल.

शुक्रवारच्या सकाळच्या गाडीनं निघतेय, स्वारगेटला दुपारी पोचेन. न्यायला येऊ नकोस, रिक्षा करून येते. कुळथाचं पीठ आणि आमसुलं आणतेय, जे पोटात राहील ते करून घालीन. शनिवारी तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे येईन. लोकांना सांगायला मी आत्या आहेच, आणखी काही सांगायची गरज नाही. त्या बाईला तोवर एवढंच कळव की आत्या येतेय. पैसे काही घेतले असशील तर तसेच ठेव, खर्च करू नकोस, काय करायचं ते आपण वकिलाला विचारू.

तुझी,
आत्या

ता. क. सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि तपासणीचं कार्ड एका पिशवीत काढून ठेव. दिवसाला किती घेतेस आणि शेवटची कधी घेतलीस ते एका कागदावर लिही, डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतील. खरा आकडा लिही. मी वाचणार नाही, आणि वाचला तरी बोलणार नाही.