मागचा उजेड

आंबागडच्या पायथ्याशी धानाच्या बांध्यांमधून रात्री सहा चाकी ट्रक मागे घ्यायचा, म्हणजे दोन्ही बाजूंना धुरा आणि मध्ये बैलगाडीपुरता रस्ता. माझ्या गाडीला कंपनीचे रिव्हर्स दिवे २१ वॅटचे. चिखल बसला की ते असून नसल्यासारखे. म्हणून पाच वर्षांपूर्वी मी एलईडीची जोडी बसवून घेतली. उजेड भरपूर मिळाला, पण तो पाडायचा कुठे हे कळायला दोन हंगाम गेले.

१. झोत डोळ्यांत गेला, तर मागचा माणूस आंधळा होतो.

पहिल्याच नोव्हेंबरात हे घडलं. धान चुरून झालं होतं, कट्टे भरून खळ्यावर तयार होते. दिवे मी सरळ मागे रोखलेले, लांबपर्यंत दिसावं म्हणून. क्लीनर मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता. मग त्याने एक हात डोळ्यांवर धरला आणि झोत चुकवायला बाजूच्या अंधारात सरकला. तिथून त्याला माझं डावं चाक दिसेना आणि आरशात मला तो दिसेना. चाक धुऱ्यावरून बांधीत उतरलं. "मामा, मले काईच दिसत नव्हतं," तो म्हणाला. चूक माझी होती. त्याला लागलं नाही, हेच नशीब. वर किल्ला आहे, सन १७००च्या सुमारास राजाखान पठाणाने बांधलेला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी तिथे कैदी ठेवले. त्या रात्री पायथ्याचा कैदी मी. सकाळी ट्रॅक्टर आला तेव्हा सुटका झाली.

२. झोत रिकाम्या गाडीवर लावायचा.

हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी उलटंच समजत होतो. माल भरला की मागचे पाटे दबतात, गाडीचं नाक वर होतं, म्हणून हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत. पण मागच्या दिव्याचं त्याच वेळी उलट होतं, तो जमिनीकडे वाकतो. मी अडीचशे कट्टे भरलेल्या गाडीवर झोत बसवला होता. गाडी रिकामी झाली, पाटे उठले आणि झोत थेट माणसाच्या तोंडावर. आता रिकाम्या गाडीवर तो पंचवीस फुटांवर जमिनीला टेकवतो. भरल्यावर तोच अठरा-एकोणीस फुटांवर येतो. तेवढं अंतर पुरतं. भरलेली गाडी तशीही मुंगीच्या पावलाने मागे येते.

३. अंदाजाने नाही, भिंतीवर.

सपाट जागा हवी, आणि खेड्यात ती शोधूनही मिळत नाही. मला सापडली तुमसरच्या एका राइस मिलमध्ये, धरमकाट्यापुढच्या काँक्रीटवर. रात्री काटा बंद झाल्यावर विचारून गाडी लावली. मागे गोदामाची भिंत. टायरची हवा आधी तपासली. एका बाजूची कमी असली, तर सगळी मेहनत पाण्यात. दिव्यापासून भिंत बरोबर दहा फूट. माझे दिवे जमिनीपासून ३६ इंचांवर आहेत. पंचवीस फुटांवर झोत टेकायचा, तर दहा फुटांवर तो साधारण १४ इंच खाली आला पाहिजे. म्हणून भिंतीवर २२ इंचांवर खडूची रेघ ओढली आणि झोताचा मध्य तिच्यावर आणला. एका वेळी एकच दिवा, दुसऱ्यावर गोणपाट.

४. डावा दिवा जरा बाहेर.

उजवी बाजू मला खिडकीतून मान काढून दिसते. डावी फक्त आरशात. दोन्ही दिवे समांतर ठेवले, तेव्हा मध्ये उजेडाचा ढीग आणि धुऱ्याची कड काळोखात. डावा थोडा बाहेर वळवला आणि चाकाची वाट आरशात आली. मात्र उजेड बंपरच्या लोखंडावर पडता कामा नये. तेच चकाकतं आणि आरसा पांढरा होतो.

५. काळी जमीन उजेड गिळते.

डोंगरी बुजुर्गकडे मँगनीज आहे, त्या बाजूला काळ्या खनिजाच्या ढिगाजवळ गाडी लावताना दिवे मंद झाले असं वाटतं. मग हात शिवशिवतो झोत वर करायला. करू नये. हवेत धूळ असते, वर केलेला झोत धुळीवर आदळून परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. वैनगंगेकाठच्या धुक्यातही तेच. मी क्लीनरला चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घेऊन दिलं. पन्नास वॅटच्या दिव्यापेक्षा ते बरं.

६. वेगळं बटण नको.

मी ठेवलं होतं. एकदा विसरलो आणि तुमसरपर्यंत मागे पांढरा उजेड पाजळत गेलो. एका मोटारसायकलवाल्याने पुढे येऊन ज्या शिव्या दिल्या, त्या रास्तच होत्या. आता दिवे गिअरबॉक्सच्या रिव्हर्स स्विचवर आहेत, मध्ये रिले आणि फ्यूज. रिव्हर्स पडला तरच पेटतात. रिले नसता, तर जादा दिव्यांचा सगळा भार त्या इवल्याशा स्विचवर आला असता.

७. बोल्ट हलतोच.

आमच्या रस्त्यांवर स्प्रिंग वॉशरसुद्धा महिनाभराचा पाहुणा. बोल्ट आणि पट्टी यांच्यावरून मी मुलीच्या नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवली आहे. रेघ तुटलेली दिसली की झोत सरकला. मुलगी विचारते, लाल रंगाची बाटली एवढ्यात कशी संपली.

८. शेवटची तपासणी क्लीनरची, आणि तीही बसून.

चाकामागे दगड लावायला तो उकिडवा बसतो, तेव्हा त्याचे डोळे दिव्याच्या उंचीवर येतात. उभ्याने ठीक वाटलेला झोत बसल्यावर बोचतो. त्यासाठी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दिव्यांवर चार बोटं पुढे आलेलं छप्पर केलं. दिसायला बावळट आहे. मग त्याला मागे बसवून विचारलं. तो म्हणाला, "अजून थोडा पत्रा वाढवा, मामा." वाढवला.