परक्या वस्तूवरील ओरखडा

पेण,
श्रावण शुद्ध तृतीया

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र आणि त्यासोबतची छायाचित्रे पोचली. भाड्याची मोटार घेऊन तू रोह्याहून गणपतीची मूर्ती ठरवण्यासाठी पेणेस आलास, कारखान्यांच्या अरुंद आळीत भर पावसात गाडी मागे घेताना डावीकडचा मागला दरवाजा एका दगडी ओट्याला घासला, त्यावर वीतभर लांबीचा ओरखडा उठला, त्याच्या शेजारी उथळ पोचा पडला आणि बंपरची कड खरवडली गेली, एवढी हकीकत समजली. कोणास इजा झाली नाही ही परमेश्वराची कृपा होय. तशी झाली असती तर १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या १३४ व्या कलमान्वये जखमीला वैद्यकीय मदत पोचवणे आणि पोलिसांस वर्दी देणे ही तुझी पहिली कर्तव्ये ठरली असती, आणि या पत्राचा विषयही निराळा झाला असता.

तू लिहितोस की, धाटावच्या कारखान्यातील तुझ्या सहकाऱ्यांनी असा सल्ला दिला आहे की, कोलाडच्या एखाद्या ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून थोडक्या पैशांत दरवाजा झाकून घ्यावा, गाडी दिवेलागणीनंतर परत करावी आणि अनामत रक्कम पदरात पाडून मोकळे व्हावे. आणि तू विचारतोस की, मालकास त्याची गाडी दिसावयास धड मिळत असेल तर यात हरकत ती काय? हा प्रश्न मनात दाबून न ठेवता तू मला विचारलास याचे मला फार समाधान वाटले, आणि म्हणूनच उत्तर आडपडदा न ठेवता देतो. हरकत आहे, आणि ती एका नव्हे तर अनेक बाजूंनी आहे.

भाड्याने आणलेली वस्तू ठरल्या मुदतीपर्यंत आपल्या ताब्यात असते, परंतु तिच्यावरील मालकी एक क्षणभरही आपली होत नाही. आणि ताबा एकाचा व मालकी दुसऱ्याची या अवघड संबंधाचा विचार आपल्याकडे फार प्राचीन काळापासून झालेला आहे. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेपाला स्थान दिले. याज्ञवल्क्याने उपनिधीचा स्वतंत्र विचार केला, राजाने, दैवाने अथवा चोराने नेलेल्या ठेवीची भरपाई ठेव बाळगणाऱ्याकडून घेऊ नये असा निर्णय दिला, आणि मागून आणलेल्या वस्तूंनाही तोच नियम लावला. मात्र धन्याने मागितल्यावर जो देत नाही त्याला भरपाई आणि वर तेवढाच दंड सांगितला. इंग्रजी अमदानीत १८७२ साली झालेल्या करार अधिनियमाचे सूत्र याहून फार निराळे नाही. त्याच्या १५१ व्या कलमाप्रमाणे, सामान्य शहाणपणाचा मनुष्य तशाच परिस्थितीत आपल्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी परक्याच्या वस्तूची घ्यावी लागते. आणि तेवढी घेतली असेल तर, करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास, १५२ वे कलम त्याला नुकसानीच्या जबाबदारीतून मुक्त करते. परंतु काळजी घेतली होती हे दाखवण्याचा भार ज्याच्या ताब्यात वस्तू होती त्याच्यावरच येतो, आणि तो भार त्याने कशाच्या बळावर पेलावयाचा? केवळ आपल्या जबानीच्या. ज्याने एकदा ओरखडा रंगाखाली दडवला, त्याची जबानी पुढे खरी असली तरी कोण मानील? पेणच्या आणि अलिबागच्या न्यायालयांत आयुष्य घालवताना मी पुष्कळ माणसे पाहिली, ज्यांचा मूळ अपराध क्षुल्लक होता आणि ज्यांना बुडवले ते त्यावरील पांघरुणाने.

तुझ्यापुरते बोलावयाचे तर, पाऊस कोसळत असताना, मागे कोणास उभे न करता, अनोळखी आळीत तू गाडी मागे घेतलीस. ही स्वतःच्या गाडीची घ्यावी तशी काळजी नव्हे. तेव्हा भरपाई तुझ्याकडे लागते, आणि ती द्यावी.

आता त्या झाकपाकीच्या कामाविषयी. मोटारीच्या पत्र्यावर तळाशी प्रायमरचे अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर असे थर असतात. ओरखड्यावरून आडवे नख फिरवून पाहिले असता ते अडकले नाही, तर जखम बहुधा वरच्या थरापुरतीच असते आणि रबिंग-पॉलिशने भागते. नख अडकले तर रंगकामाला पर्याय उरत नाही. तू पाठवलेल्या छायाचित्रात दरवाजाच्या मध्यावर पत्रा चक्क उघडा पडलेला दिसतो. धरमतरच्या खाडीवरून येणारी खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्या या मुलुखात उघडा पत्रा फार दिवस दम धरीत नाही. घाईचा कारागीर पोचा ठोकून सरळ करण्याऐवजी त्यात जाड लांबी भरतो, ती पुरती वाळण्याआधीच घासतो आणि रंगाचा फवारा मारून मोकळा होतो. काम त्या दिवशी चकचकीत दिसते, परंतु आत कोंडलेली ओल आपले काम करीत राहते आणि पुढे केव्हातरी रंगाला फोड येऊन खालचा गंज उघडा पडतो. हमरापूर-जोह्याच्या कोणत्याही मूर्तिकाराला विचार: ओल्या शाडूवर रंग चढवलेली मूर्ती कारखान्यातून कितीही देखणी निघाली, तरी ती तडकते ती यजमानाच्या घरी. शिवाय धातूची झाक असलेला रंग तुकड्यापुरता मारला तर उन्हात तो तुकडा वेगळा दिसतो, म्हणून जाणता रंगारी सबंध दरवाजा रंगवून शेजारच्या पत्र्यावर रंग विरळ करीत नेतो. तात्पर्य इतकेच की, तुझ्या सहकाऱ्यांच्या मार्गाने गेल्यास मालकाला धड गाडी मिळणार नाही. त्याला आजचे लहान नुकसान उद्या मोठे होऊन मिळेल, आणि त्याचा बोल तुझ्यानंतर गाडी नेणाऱ्या एखाद्या निरपराध माणसावर येईल. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत अधिक टोचते.

तेव्हा करावयाचे ते असे. परतीच्या वाटेवर वडखळपासून नागोठण्यापर्यंत महामार्गाचा चिखल त्या जागी उडाला असणार. तो साध्या पाण्याने धुऊन काढ, आणि दिवसाच्या उजेडात लांबून व जवळून, पाटीचा क्रमांक दिसेल अशी, गाडीच्या चारही बाजूंची छायाचित्रे घे. चारही बाजूंची अशासाठी की, तू जबाबदार आहेस तो डाव्या दरवाजाला आणि बंपरच्या कडेला, उजव्या बाजूच्या जुन्या खरचटण्याला नव्हे. नंतर मालकास दूरध्वनी करून गाडी परत करण्याच्या वेळेपूर्वीच सांग, आणि त्याच मजकुराचा चार ओळींचा लेखी संदेश पाठव: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, गाडी मागे घेताना ओट्याला घासली, नुकसान एवढे झाले, दुरुस्ती आपल्या संमतीने करू. पावसाला दोष देऊ नकोस, आळीच्या अरुंदपणाची कैफियत मांडू नकोस, आणि भिडेपोटी न झालेल्या गोष्टीची कबुलीही देऊ नकोस. त्याला न विचारता गाडीला कोणाचाही हात लावू देऊ नकोस. दुरुस्ती कोठे करावयाची हे ठरवण्याचा अधिकार वस्तूच्या धन्याचा आहे.

येथवर मी मालकाच्या बाजूने बोललो. आता तुझ्या बाजूने बोलतो, कारण नुकसान पत्करणाऱ्याने स्वतःला लुबाडून घेतलेच पाहिजे असा कोठलाही धर्म नाही. मालकाने आकडा सांगितला की नम्रपणे अंदाजपत्रक माग, आणि त्यात पत्र्याचे काम, रंगकाम व बंपर यांचा तपशील वेगवेगळा असावा असा आग्रह धर. पोचा ठोकून निघत असता नवा दरवाजा बसवण्याचा खर्च मागितला तर तो देऊ नये. दुरुस्तीसाठी गाडी जितके दिवस खरोखर उभी राहील तितक्या दिवसांचे भाडे बुडाले म्हणून त्याने मागितले, तर सणाच्या दिवसांत ती मागणी मला न्याय्य वाटते. पण त्याच्या सोयीने गाडी पडून राहील त्या दिवसांचा बोजा तुझ्यावर नाही. करारपत्रात लहानमोठ्या कोणत्याही नुकसानीस सबंध अनामत जप्त होईल असे कलम असले, तरी तेवढ्याने घाबरून जाऊ नकोस: करार अधिनियमाच्या ७४ व्या कलमाप्रमाणे ठरलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते, आणि तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने अनामत जप्त करण्याच्या अटीलाही हेच तत्त्व लागू केले. हे ज्ञान मालकाच्या अंगावर फेकण्यासाठी नव्हे, तर शांतपणे बोलता यावे यासाठी तुला देत आहे. त्यातूनही तो हट्टास पेटला तर १९१५ या क्रमांकावर ग्राहकांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, आणि अलिबागेस आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे, जेथे दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार दाखल करता येते. माझा अनुभव असा की, जो आपण होऊन सांगावयास येतो त्याच्याशी इतका तंटा करावा असे फार थोड्यांना वाटते.

विम्याचा प्रश्न तू विचारला आहेस, त्याविषयी थोडेसे. गाडीला सर्वंकष विमा असला तरी एवढ्याशा नुकसानीसाठी दावा करणे मालकास बहुधा परवडत नाही. खासगी मोटारींच्या प्रचलित विम्यात, इंजिन १,५०० घन सेंटिमीटरपर्यंतचे असेल तर प्रत्येक दाव्यातील पहिले १,००० रुपये आणि त्याहून मोठे असेल तर २,००० रुपये मालकालाच सोसावे लागतात. रबर व प्लास्टिकच्या भागांवर, म्हणजे बंपरवरही, जादा हप्ता भरून सवलत घेतलेली नसल्यास निम्मा घसारा कापला जातो. आणि दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जी २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांवर जाते, ती एका दाव्याने संपते. भाड्याच्या गाडीचे आकडे थोडे निराळे असले तरी हिशेबाची जात हीच, तेव्हा मालक रोख रक्कम मागेल तर त्यात लबाडी आहे असे समजू नकोस. मात्र रक्कम देताना, अमुक दरवाजाच्या व बंपरच्या नुकसानीपोटी पूर्ण भरपाई पोचली, या बाबतीत आता काही येणे नाही आणि विमा कंपनीकडेही मागणी करणार नाही, अशा मजकुराची सहीनिशी पावती घे. एकाच नुकसानीची भरपाई दोनदा घेणे ही विमा कंपनीची फसवणूक आहे, आणि तिला आपला नकळतही हात लागू नये.

तुझ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी आहेत हे छायाचित्रात पाहून माझा जीव निम्मा भांड्यात पडला. १९८९ च्या योजनेखाली स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांची ती खूण आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी ओळखीखातर भाड्याने देऊ केली तर, ती स्वस्त असली तरी, पुन्हा कधी घेऊ नकोस. खासगी विमा भाड्याच्या वापराला लागू होत नाही, आणि दुर्दैवाने एखादा माणूस गाडीखाली आला तर त्या संसाराची धूळधाण भरून काढण्याची ऐपत ना तुझी असेल ना गाडीवाल्याची. तसेच यापुढे गाडी ताब्यात घेतानाच मालकासमक्ष चहूबाजूंनी पाहून जुने पोचे व ओरखडे कागदावर लिहून घ्यावेत. हे काम अविश्वासाचे नाही. दोघांचाही पुढील मनस्ताप त्याने वाचतो.

एक गोष्ट मात्र तुझ्या पत्रात शोधूनही मला सापडली नाही. आज सकाळी मी त्या आळीत जाऊन आलो. ओट्याचा कोपरा उडाला आहे आणि खालचा एक चिरा ढिला झाला आहे. त्या ओट्यावर कारखान्यातील मुले रंगवलेल्या मूर्ती टेंपोत चढवण्यापूर्वी ठेवतात, आणि येत्या पंधरवड्यात तेथे दिवसरात्र उचलठेव चालेल. कारखानदार म्हणाले की, कोणाची गाडी लागली ते कळले नाही, सध्या गवंडी मिळत नाही म्हणून फळी टाकून निभावतो आहोत. मी त्यांना तुझे नाव सांगितले नाही, कारण ते सांगणे तुझे काम आहे. मोटारीच्या मालकाजवळ निदान तुझी अनामत आहे आणि करारपत्रावर तुझी सही आहे. या गृहस्थांजवळ तुझ्याविरुद्ध कागदाचा एक चिटोराही नाही, आणि म्हणूनच त्यांचे देणे मला पहिले वाटते.

मालकास आज संध्याकाळच्या आत दूरध्वनी कर. शनिवारी सकाळच्या गाडीने पेणेस ये. गवंड्याला मी शब्द टाकून ठेवला आहे, त्याची मजुरी आणि चिऱ्याची किंमत तू दे. कारखान्यात आपण दोघे बरोबर जाऊ, परंतु बोलावयाचे तू. तुझ्या आईस माझे आशीर्वाद सांग, आणि ही सर्व हकीकत तिलाही तुझ्याच तोंडून कळू दे.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा